वेखंडाचा वेढा

सतरा नंबरचा पदार्थ फक्त एकाच पिशवीत सापडत होता, आणि त्यानं डॉ. हेमांगी मगदूम यांच्या नाकी नऊ आणले होते.

पिशव्या एकूण सहा. सगळ्या चीनच्या युन्नान प्रांतातून आलेल्या, आणि सगळ्यांत एकच मूळ, शी-चांगपू. ओढ्यातल्या खडकांना धरून वाढणारं हे रोप म्हणजे आपल्या वेखंडाचा चुलतभाऊ. चिनी वैद्य कित्येक शतकं विसराळू माणसांना ते देत आले आहेत. भोरजवळच्या वनौषधी रसायन संस्थेत हेमांगीचं काम एवढंच होतं की या मुळात काय काय आहे ते एकेक करून वेगळं काढायचं आणि प्रत्येकाची ओळख पटवायची.

ऐकायला सोपं वाटतं. मूळ कुटायचं, अल्कोहोलात भिजत घालायचं, मग अल्कोहोल उडवून दिलं की तळाशी डांबरासारखा काळा चिकट अर्क उरतो. त्यात शेकडो पदार्थ एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेले असतात. काचेच्या उंच नळीत पांढरी बारीक पूड भरून वरून हा अर्क सोडायचा आणि द्रावक ओतत राहायचं. कुणी पुडीला चिकटून रेंगाळतो, कुणी भरभर खाली येतो. ते थेंब झेलत परीक्षानळ्यांच्या रांगाच्या रांगा भरायच्या. हेमांगीनं या कामात वीस वर्षं घातली होती. आता दोन हजार एक्केचाळीस साली थेंब झेलायला यंत्रं आली होती, रेणूतल्या प्रत्येक अणूचा पत्ता सांगणारं उपकरण टेबलाच्या कोपऱ्यात मावत होतं, तरी नळीपाशी उभं राहायची खोड काही तिला सोडवत नव्हती. मॅडमना थेंब मोजल्याशिवाय चहा गोड लागत नाही, असं हाताखालची माणसं म्हणायची.

सोळा पदार्थ ओळखीचे निघाले. सतरावा जगातल्या कुठल्याच नोंदीत नव्हता. त्याचा रेणू म्हणजे एक कडं आणि त्याला चिकटलेली बारा कार्बनची स्निग्ध शेपटी. मेंदूभोवतीचा पहारा अशा शेपटीवाल्यांना बिनबोभाट आत सोडतो, म्हणून प्राणिविभागाच्या नासिर मुजावरनं तो उंदरांना देऊन पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी तो धावत हेमांगीच्या खोलीत आला.

आपल्याला पहिल्या दोन-तीन वर्षांतलं काही आठवत नाही. त्या आठवणी पुसल्या जातात असं पूर्वी मानत. पण त्या असतात. वाढत्या मेंदूत नव्या पेशींची एवढी गर्दी होते की जुन्या आठवणींपर्यंतची वाट बुजून जाते, इतकंच. सतरा नंबर ती वाट तासा-दोन तासांसाठी मोकळी करत होता. पिल्लू असताना ज्या पेटीत पायाला हलका झटका बसला होता ती पेटी पार विसरलेले मोठे उंदीर आता तिच्या दाराशीच थबकत होते.

संस्थेच्या नीतिसमितीनं बारा माणसांवर चाचणी घ्यायची परवानगी दिली. अट एकच. ज्याला जे आठवेल ते त्यानं लगेच लिहून काढायचं आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून तपासून सही आणायची, नाहीतर स्वप्न कुठलं आणि आठवण कुठली हे ठरवणार कसं? नववं नाव हेमांगीनं स्वतःचं दिलं. नासिरनं नाक मुरडलं, पण नियमात बसत होतं.

एका गृहस्थांना मोटरसायकलच्या टाकीचा पोटाला लागलेला गारवा आठवला. त्यांच्या वडिलांनी डोळे पुसत सही केली. एका बाईला हिरव्या काचेचं तावदान आणि त्यावर चालणारी पाल आठवली. ते घर पाडून तीस वर्षं झाली होती.

हेमांगीला दिसलं काहीच नाही, तिला फक्त ऐकू आलं. ती उताणी होती, अंगाभोवती घट्ट गुंडाळलेलं कापड होतं, आणि डाव्या बाजूला अगदी कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं. लहानसा, घाईचा श्वास. तिच्या स्वतःच्या श्वासाशी तो जुळत नव्हता. मध्येच तो थांबला, मग पुन्हा सुरू झाला, मग थांबला.

औषधाचा असर दोन तासांत ओसरला, पण श्वास ओसरायचं नाव घेईना. गाडी चालवताना तो डाव्या सीटवरून यायचा. सकाळी नळीपाशी उभं असताना डाव्या खांद्यामागून यायचा, इतका स्पष्ट की ती नकळत जरा उजवीकडे सरकून जागा करून द्यायची. एकदा न्याहारीला तिचा नवरा रणजित शेजारच्या खुर्चीवर बसायला गेला आणि ती पटकन ‘थांब’ म्हणाली. तो प्लेट हातात धरून तसाच उभा राहिला. कुणी बसणार आहे का इथं, असं त्यानं गमतीनं विचारलं. तिला हसू आलं नाही, आणि मग त्यालाही आलं नाही.

हेमांगी आईवडिलांची एकुलती एक. घरात दुसरं मूल कधी नव्हतं, चुलत-मावस भावंडंही सगळी तिच्याहून दहा वर्षांनी मोठी. मग शेजारी होतं कोण? तपासणीच्या कागदावर तिनं श्वासाचं लिहिलं खरं, पण तो कागद तासगावला आईकडे न्यायचं तीन आठवडे टाळलं. उत्तर हवं तर होतंच, आणि ते मिळेल याचीच भीतीही होती.

पिशवीचा प्रश्न मात्र अजून तसाच होता. बाकीच्या पाच पिशव्यांत सतरा औषधालाही सापडत नव्हता. अखेर त्या पिशव्या गोळा करून पाठवणाऱ्या डॉ. लिऊ यांचा कुनमिंगहून फोन आला. या बाई सावकाश बोलणाऱ्या, पण एकदा मनावर घेतलं की तड लावणाऱ्या. त्या स्वतः त्या डोंगरातल्या गावी जाऊन आल्या होत्या. इतर गावं मूळ नुसतं वाळवून भरत. या गावातली एक म्हातारी मात्र शेवटी मुळाला दुधाचा हात द्यायची, दगडावर घासायची आणि सावलीत सुकवून मग पाठवायची. हेमांगीनं विचारलं, दूध गाईचं की म्हशीचं?

“बाईचं,” लिऊ म्हणाल्या. “जुन्या ग्रंथांत तसं लिहिलेलं आहे. आम्ही विद्यार्थी असताना ते वाचून हसायचो.”

हेमांगी हसली नाही. तिच्या गावाकडच्या कुठल्याही बाईला यात हसण्यासारखं काय वाटलं असतं? बाळगुटी आईच्या दुधातच उगाळतात. सहाणेवर दूध घ्यायचं आणि त्यात एकेक मुळी गोल फिरवायची. एक फेरा म्हणजे एक वेढा. हळकुंडाचा एक वेढा, मुरडशेंगेचे दोन, वेखंड उग्र म्हणून त्याचा एकच. ना तराजू, ना चमचा, माप म्हणजे वेढा.

तिनं रुग्णालयातल्या मातांच्या दूधपेढीतून थोडं दूध मागवलं, बाजारातून वेखंड आणि गंध उगाळायची सहाण आणली, आणि लाखो रुपयांच्या उपकरणांच्या मधोमध बसून गुटी उगाळली. पहिल्यांदा काहीच मिळालं नाही. मग तिला आठवलं की बायका कधी घाई करत नाहीत, थांबून थांबून, दूध सहाणेवर जरा आटू देत उगाळतात. तसं उगाळून त्याचा थेंब तिनं चाचणीच्या पट्टीवर चढवला, तेव्हा दिव्याच्या जांभळ्या उजेडात ओळखीचा ठिपका उमटला. सतरा नंबर! आईच्या दुधात एक विकर असतं, स्निग्ध पदार्थ तोडून ते बाळाला पचवायला देणारं. पाणी आटलं की हेच विकर उलटं काम करतं, तोडायच्या ऐवजी जोडतं. मुळातल्या कड्याला शेपटी लावत होतं ते दूध. गाईच्या दुधाला ते जमत नव्हतं. म्हणजे सतरा ना चीनच्या मातीतला होता, ना रोपातला. तो सहाणेवर, बायकांच्या हातांखाली तयार होत होता, आणि गुटी प्यालेल्या प्रत्येक बाळाच्या पोटात जाऊन आला होता.

आता विचारायचं होतं ते असं, की गुटी उगाळली की लगेच पाजायची, की थोडी ठेवायची? हा प्रश्न साधा होता, आणि आईकडे जायला निमित्त मिळालं.

तासगावच्या शिक्षक कॉलनीत विमलताई मगदूम एकट्याच राहत. चाळीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत गणित शिकवलं होतं आणि एकाहत्तराव्या वर्षीही कॉलनीतल्या पोरांचे पाढे त्या येताजाता घेत. हेमांगी गेली तेव्हा त्या परातीत बेदाणे घेऊन देठ काढत बसल्या होत्या. जेवलीस का, वाटेत घाटात धुकं होतं का, जावईबापू बरे आहेत ना, हे सगळं झालं. मग हेमांगीनं सहज विचारलं.

“आई, गुटी उगाळून लगेच द्यायचीस का गं?”

“कुणाला?” आई म्हणाली.

“मला. आणखी कुणाला?”

आईचा हात परातीत थांबला. हेमांगीनं मग काही राखून ठेवलं नाही. औषध, कापडाची गुंडाळी, डाव्या कानाशी येणारा श्वास, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता आई उठली, मोरीत जाऊन हात धुऊन आली, पदराला पुसले, आणि पुन्हा बसून खाली बघत बोलू लागली.

तुम्ही दोघी होता, असं तिनं सांगितलं. आठव्या महिन्यातच झालेल्या. मूठभर जीव. एक थोरली, दुसरी पंधरा मिनिटांनी धाकली. थोरली जरा बाळसेदार, तिची काळजी नाही असं डॉक्टरच म्हणाले होते. धाकलीची आशा कुणी धरली नव्हती. दोघी जरा भरल्या की मग बारसं करू, असं ठरलं होतं. हेमांगी म्हणजे ती धाकली. पाचव्या आठवड्यात एका दुपारी आईनं दोघींची गुटी दोन वाट्यांत उगाळून ठेवली. एकीला बोंडल्यानं पाजली आणि तेवढ्यात शेजारीण कढीपत्ता मागायला दारात आली. दोन शब्द बोलून आई परत आली, दुसरी वाटी घेतली, बाळाला पाजली. मग दोघींना कुशीत घेऊन आडवी झाली. बाळंतपणाचा थकवा, कित्येक दिवसांची जागरणं, डोळा लागला. जाग आली तेव्हा थोरली गेलेली होती.

“दोन्ही वाट्या थोरलीच्याच तोंडात गेल्या,” आई म्हणाली. “मी बघितलंच नाही कुणाला उचलतेय ते. एवढ्याशा जिवाला दुप्पट वेखंड. माझ्याच हातानं.”

त्यानंतर वडिलांनी बदली मागून घेतली होती, जिथं कुणी ओळखणारं नाही अशा गावी. घरात पुन्हा तो विषय निघाला नाही. फोटो नव्हताच. नावही नव्हतं, कारण बारसं झालं नव्हतं.

हेमांगीला रडू आवरेना. पण रडतानाही तिच्यातली रसायनतज्ज्ञ जागी होती. वेखंडाच्या दोन वेढ्यांनी बाळ जात नाही गं, ती म्हणाली. मी ते तपासून दाखवते. तुझ्या डोक्यावरचं हे ओझं मी उतरवते की नाही बघ.

“नको,” आई म्हणाली. एवढ्या कडक आवाजात ती कधी वर्गातसुद्धा बोलली नसेल. “झालं ते झालं. तू त्यात पडू नकोस, हेमा.”

आता गप्प बसेल ती हेमांगी कसली! आईनं पंचेचाळीस वर्षं स्वतःच्या हातांना दोष दिला होता आणि तो दोष खोटा आहे हे सिद्ध करण्याची सगळी साधनं आपल्या टेबलावर आहेत, या विचारानं तिला झपाटून टाकलं. तिनं वेढ्यातलं वेखंड मोजलं, बाळाचं वजन धरून हिशेब मांडला, नासिरला दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांवर सतरा तपासायला सांगितलं. एकपट आणि दुप्पट दोन्ही दे, म्हणाली. कारण सांगितलं नाही. या सगळ्या दिवसांत डावीकडचा श्वास तिच्याबरोबर होता. आता त्याला नातं मिळालं होतं, आणि त्यामुळे तो जास्तच जवळ आल्यासारखा वाटत होता. ती गाडीत बसली की डावीकडचा पट्टा लावून मग आपला लावायची. आपण हे काय करतोय, हे तिला कळत होतं.

दोन आठवड्यांनी नासिर आलेख घेऊन आला. त्याचा चेहरा उजळला होता.

अपुऱ्या दिवसांची पिल्लं श्वास घ्यायला मध्येच विसरतात. माणसाच्या बाळांचंही तसंच असतं; मेंदूतला श्वासाचा ताल अजून पक्का झालेला नसतो. काही पिल्लं विसरतात ती पुन्हा घेतच नाहीत. सतरा मिळालेल्या पिल्लांचा श्वास एकदाही अडला नव्हता. न मिळालेल्यांतली तिसरा हिस्सा पिल्लं गेली होती. मॅडम, हे कमी दिवसांच्या बाळांचं औषध आहे, नासिर म्हणाला, आठवणींचं राहू दे बाजूला. हेमांगीनं दुप्पट मात्रेचं विचारलं.

“ती तर सगळ्यांत ठणठणीत,” नासिर म्हणाला.

तो गेल्यावर हेमांगीनं आलेख पुन्हा समोर ओढला. दुप्पट घेणारी ठणठणीत, मग दुप्पट घेतलेली थोरली गेली कशी? चाचणीच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाला दोनदा औषध घेता येत होतं. तिची दुसरी वेळ शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नासिरच्या देखरेखीखाली तिनं ती घेतली.

या वेळी वाट जास्त मोकळी होती. आधी बांगड्या वाजल्या. मग ती उचलली गेली, ओठाला धातूची गार कड लागली, जिभेवर कडू, तिखट, उग्र असं काहीतरी पसरलं आणि ती पुन्हा खाली ठेवली गेली. डावीकडे श्वास चालू होता. लांबून बोलण्याचे आवाज आले. मग पुन्हा बांगड्या, पुन्हा उचलणं, पुन्हा ती गार कड, पुन्हा तोच कडू रस, आता हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळणारा. डावीकडून कुणालाच उचललं गेलं नाही. मग एक मोठी ऊब मागून येऊन टेकली. श्वास अडखळला, चालू झाला, अडखळला, आणि थांबला.

इथपर्यंतचं हेमांगीनं कागदावर लिहिलं. त्यापुढचं लिहिलं नाही.

दोन्ही वाट्या तिनंच प्यायल्या होत्या. जिची आशा कुणी धरली नव्हती ती दुप्पट पिऊन जगली, आणि जिची काळजी नव्हती तिच्या वाट्याला थेंबही आला नव्हता. हेमांगीच्या मेंदूनं तेव्हा श्वासाचा ताल विसरू नये म्हणून जे लागलं, ते बहिणीच्या वाटीतलं होतं. दिवसभर ती प्रयोगशाळेत फिरत राहिली. आपण घेतो तो प्रत्येक श्वास कुणाचा तरी आहे, हे एकदा कळल्यावर माणूस श्वास घेताना अवघडून जातो. तिला अक्षरशः धाप लागली, नासिरला तिची नाडी मोजावी लागली.

आणि आईला काय सांगायचं? गुटीनं ती गेली नाही, गुटी उलट वाचवते, एवढंच सांगितलं तरी भागणार नव्हतं. गणिताची बाई ती. एकीला दोनदा दिली हे तिला ठाऊक होतं. त्यातून गेलेली वजा केली की उरलेली कोण, हे उत्तर काढायला तिला क्षणही लागला नसता. पाजून मारलं हे दुःख काढून घ्यायचं आणि त्या जागी न पाजून मारलं हे ठेवायचं? रविवारी तासगावचा रस्ता धरेपर्यंत हेमांगीनं ठरवलं होतं. आयुष्यात तिनं एकही आकडा फिरवला नव्हता. आईसाठी एक फिरवायचा.

ती पोचली तेव्हा दुपारची जेवणं उरकून आई चटईवर पाठ टेकायच्या बेतात होती. हेमांगी शेजारी बसली आणि तिनं सरळ सांगून टाकलं. औषध पुन्हा घेतलं. सगळं आठवलं. तुझी चूक झालीच नव्हती, आई. तू बाहेरून आलीस आणि बरोबर दुसरीलाच उचललंस. दोघींना एकेकदाच मिळाली. ती आपली कमी दिवसांची म्हणून गेली, त्यात कुणाचाच हात नव्हता. बोलताना आपला आवाज ठीक लागतोय, असं तिला वाटलं.

आई तिच्याकडे बघत राहिली. शाळेत एखादं मूल दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेऊ लागलं की ती असंच बघत असणार.

“एकेकदा?”

“एकेकदा.”

“हेमा,” आई म्हणाली, “थोरलीचे ओठ कोरडे होते.”

आई हळूहळू बोलत राहिली. हळकुंड उगाळलेलं होतं ना त्या गुटीत. बाळाच्या ओठाला पिवळा डाग राहतो, पुसला तरी तासभर जात नाही. थोरलीला उचलली तेव्हा तिचं तोंड स्वच्छ होतं. धाकलीची हनुवटी, गळा, झबल्याचा काठ, सगळं पिवळं. त्याच दुपारी तिला सगळं कळलं होतं. कुणाला दोनदा गेली आणि कुणाला गेलीच नाही, ते.

“मग मला उलटं का सांगितलंस?”

“बहिणीच्या वाटणीचं पिऊन तू जगलीस, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू? तू विचारत आलीस तर थोरलीला दोनदा दिली असं सांगायचं, हे मी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. दोष माझ्यापाशी होता तो माझ्यापाशीच राहिला असता.” आईनं पदर सावरला. “गुटीनं तू वाचलीस हे सांगायला मला तुझी यंत्रं लागली नाहीत. तुझं अंग गरम होतं, तिचं गार. तुझ्या दर वाढदिवसाला मला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाची लाज वाटायची. शिरा ढवळताना वाटायचं, हिच्या पानात वाढते तेव्हा तिच्या पानात काहीच वाढत नाही मी. अजून वाटतं.”

हेमांगीनं आईचा हात धरला. किती वर्षांनी धरला, तिलाच आठवेना. एकमेकींना वाचवायला दोघींनी दोन खोट्या गोष्टी रचल्या होत्या, आणि आता दोन्ही चटईवर उघड्या पडल्या होत्या. तिनं सांगितलं की तो श्वास अजून जात नाही. आत्ताही डावीकडे आहे.

“मला औषध लागलं नाही त्याला,” आई म्हणाली. “मी पंचेचाळीस वर्षं ऐकतेय. दुपारी जरा आडवी झाले की चालू होतो. फक्त माझा कधी थांबत नाही. थांबला तेव्हा मी झोपले होते ना.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईनं हात सोडवून घेतला, डोळे पुसले, आणि चटईची एक काडी नखानं कुरतडत राहिली. गुटीबद्दल बोलताना ती शांत होती. आता मात्र तिला नजर वर करवत नव्हती.

“एक विचारू? खरं सांगशील?” ती म्हणाली. “मी तिच्या शेजारीच होते गं. हात लांब केला असता तर लागली असती. जाताना ती रडली का? तिनं हाक दिली आणि मला जाग आली नाही, असं झालं का?”

हेमांगीला तेव्हा कळलं की वाट्यांचं दुःख आईनं केव्हाच पदरात बांधून घेतलं होतं. तिला जगू न देणारी गोष्ट ही होती. आणि जगात याचं उत्तर एकाच माणसापाशी होतं, तेही जो भाग तिनं कागदावर उतरवला नव्हता त्यात.

“नाही आई,” ती म्हणाली. हे खरं होतं, त्यामुळे बोलायला सोपं गेलं. “ती रडली नाही. झोपेतच श्वास थांबला. रडले ती मी. शेजारचा आवाज बंद झाला म्हणून मी रडायला लागले, आणि तू उठलीस.”

“लगेच?” आईनं विचारलं.

आठवणीत ते रडणं फार लांबलचक होतं. आधी मोठ्यानं, मग घसा बसेपर्यंत, मग नुसते हुंदके. गळ्याजवळचं ओलं झबलं गार पडलं होतं. डावीकडची ऊब हळूहळू कमी होत गेली होती, आणि मागची मोठी ऊब संथ, गाढ श्वास घेत तशीच टेकून राहिली होती. बांगड्या वाजल्या त्या त्यानंतर कितीतरी वेळानं.

“लगेच,” हेमांगी म्हणाली.